कॉम्प्रेसरच्या त्या ‘झिरो मेंटेनन्स’ मेसेजबद्दल

गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, ‘कॉम्प्रेसरवर खर्च नको, ह्या 5 युक्त्या करा’. पाचही युक्त्या मशीनच्या किंवा माणसाच्या जिवावर उठणाऱ्या आहेत म्हणून लिहितोय.

पहिली, ‘टाकीला पावडर कोटिंग असतं, पाणी महिन्यातून एकदा काढलं तरी चालतं.’ अहो कोटिंग बाहेरून असतं, बहुतेक साध्या टाक्या आतून उघडं लोखंडच. आणि पाणी किती येतं ते बघा, पावसाळ्यात 30 डिग्रीला 80 टक्के दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण 24 ग्रॅम वाफ असते, ती हवा 7 किलो प्रेशरला दाबून परत गार झाली की त्यातली जेमतेम 4 ग्रॅम टिकते, उरलेल्या 20 ग्रॅमचं पाणी होतं. 10 सीएफएमचं (मिनिटाला 10 घनफूट हवा ओढणारं) मशीन सलग चाललं तर तासाला 17 घनमीटर हवा ओढतं, म्हणजे तासाला 300 ग्रॅमच्या वर पाणी, काही टाकीत, काही लाइनमध्ये, आणि शेवटी तुमच्या स्प्रे गनमधून गिऱ्हाइकाच्या बॉनेटवर. रोज संध्याकाळी किलो-दोन किलो प्रेशर शिल्लक असताना खालचा कॉक हळू उघडा, आधी गंजाचं तांबडं पाणी येईल, मग तेल मिसळलेलं दुधाळ, कोरडी हवा आली की बंद. टाकी तळातूनच खाल्ली जाते आणि पत्रा पातळ झालेला बाहेरून अजिबात दिसत नाही.

दुसरी, कॉम्प्रेसरमध्ये गाडीचं 20डब्ल्यू-40 ऑइल टाका म्हणे. एखाद दिवस अडलं म्हणून टाकलं तर मशीन लगेच मरत नाही, हे खरं. पण त्यातले डिटर्जंट पाणी धरून ठेवतात आणि गरम हेडमध्ये (हवा दाबणाऱ्या भागात) व्हॉल्व्हच्या पट्टीवर कार्बन बसतो. कंपनीने सांगितलेलं कॉम्प्रेसर ऑइल घ्या, विषय संपला.

तिसरी, ‘गन मारत नाही? कट-आउट 8 वरून 12 करा.’ कट-आउट म्हणजे ज्या प्रेशरला मोटर आपोआप बंद होते ते. ही जास्त लोक करतात. सिंगल स्टेज (एकाच टप्प्यात हवा दाबणारं) हेड त्यासाठी बनलेलंच नाही, तापतं, मोटर जास्त अँपिअर खाते, आणि दर किलोमागे वीज 6-7 टक्के वाढते ते वेगळंच. त्यात सेफ्टी व्हॉल्व्ह सुटायला लागला की हे महाशय तोही आवळायला सांगतात! तो सुटतो म्हणून टाकी फुटत नाही. नट खोलायच्या इम्पॅक्ट गनला चालताना 6 किलोच्या आसपास लागतं, तेव्हा गनपाशी गेज लावा आणि ट्रिगर दाबून ठेवून बघा. टाकीवर 7 आणि गनवर 4 असेल तर दोष बारीक होजचा, कपलिंगचा नाहीतर तुंबलेल्या फिल्टरचा, 12 किलो करून काय होणार?

चौथी, पीव्हीसीची लाइन, ‘पाइपवर 10 किलो छापलेलं असतं की.’ असतं, पण पाण्यासाठी. पाण्याचा पाइप फुटला तर प्रेशर लगेच उतरतं, हवेचा फुटला तर दाबलेली सगळी हवा एकदम सुटते आणि प्लॅस्टिकचे धारदार तुकडे अंगावर येतात. वर कॉम्प्रेसरजवळची हवा गरम, त्याने पीव्हीसी अजून कमजोर. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) टाका, थोडा उतार द्या, आणि फाटा पाइपच्या वरच्या बाजूने काढा म्हणजे पाणी गनकडे येत नाही.

पाचवी वाचून तर मी डोक्याला हात लावला. ‘मोटर थांबल्यावर स्विचखालून फुस्स होतं ते लीकेज, ती बारीक नळी बंद करा.’ ते लीकेज नाही हो, हेडवरचं प्रेशर सोडलं जातंय, म्हणजे पुढच्या वेळी मोटर रिकामी सुटावी. नळी बंद केली की मोटर लोडवर उठायला जाते, नुसती गुणगुणते, आणि कपॅसिटर तरी उडतो नाहीतर वाइंडिंग जळतं. दोन-चार सेकंद फुस्स होऊन थांबलं तर उत्तम. मोटर बंद असूनही फुसफुस चालूच राहिली तर मात्र एनआरव्हीच्या (टाकीतली हवा मागे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटवर कार्बन नाहीतर कचरा बसलाय, टाकीतली हवा उलटी येतेय. मेन स्विच बंद करा, टाकी पूर्ण रिकामी करा, गेज शून्यावर आलाय बघा, मगच एनआरव्ही खोला आणि सीट पुसून घ्या.