दुधाचा खटला कॅनपाशीच ठरतो

भेसळवाला ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ अशी बातमी आली की आपण कोर्टाला बोल लावतो. मला हे पटत नाही. दुधाच्या खटल्यात नमुना कसा घेतला हाच पुरावा असतो.

अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, लागू झाला १ जून १९५५ ला आणि चालला २०११ पर्यंत. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधाला ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) हे प्रमाण ठरलं. त्याहून कमी भरलं की तेव्हा तो गुन्हा होता. दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवर भागत नाही, कारण साय काढली की डिग्री चढते आणि पाणी घातलं की उतरते. दोन्ही बेताने केलं तर डिग्री अगदी बरोबर लागते! म्हणून नमुना प्रयोगशाळेत जायलाच हवा.

तिथवर तो धड पोचवणं हे खरं काम. आधी कॅन तळापासून ढवळायचा, नाहीतर वरून घेतलेल्या दुधात फॅट जास्त येतं. पैसे मोजून दूध विकत घ्यायचं, लेखी नोटीस द्यायची, साक्षीदारांसमोर तीन बाटल्या भरायच्या. त्या काळी एक विक्रेत्याला, एक विश्लेषकाला, एक कोर्टासाठी. बाटली ओली राहिली तर आतलं पाणी आरोपीच्या माथी. मग नमुना टिकवणारं रसायन, फॉर्मेलिन, दर २५ मिलीला दोन थेंब, म्हणजे ७५ मिलीच्या बाटलीत सहा. बूच, दोरा, लाख त्यानंतर. हे थेंब घालायचे राहिले की जंतू दुधातली साखर खातात, एसएनएफ घसरतं आणि चांगलं दूधही पाणी घातल्यासारखं दिसतं.

दिल्ली महापालिकेने एका दहीविक्रेत्यावर भरलेल्या खटल्यात हेच झालं. नमुना सप्टेंबर १९६१ चा, फॉर्मेलिन नाही, खटला दाखल मे १९६२ मध्ये. आरोपीने फेरतपासणी मागितली तेव्हा केंद्रीय प्रयोगशाळेच्या हाती नासलेलं दही आलं. नोव्हेंबर १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटका कायम ठेवली, आणि ती योग्यच होती. १९६४ च्या दुरुस्तीनंतर एरवी किमान सहा महिने कैद होती. अशा वेळी फेरतपासणीचा हक्क गवळ्याकडून काढून घेणं म्हणजे अन्यायच. दोष आठ महिने रेंगाळणाऱ्या खात्याचा.

आजही छाप्याची बातमी येते ती ओतून दिलेल्या दुधाच्या फोटोसह. नमुना कधी घेतला, अहवाल कधी आला, खटला कधी दाखल झाला, या तीन तारखा खात्याने प्रत्येक प्रकरणात जाहीर केल्याच पाहिजेत.