काडी म्हणजे झेरॉक्स? कोण म्हणतं ओ!

आठवडाभर द्राक्षवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की काडीनं, म्हणजे फांदीचा तुकडा रोवून लावलेलं झाड म्हणजे आईची झेरॉक्स, त्यात नवं काही येऊच शकत नाही, नवी जात पाहिजे तर बीच पेरा, आणि दोन जातींचा संकर हा माणसाचा उद्योग, त्याची पोरं खेचरासारखी वांझ. अर्धा सोलापूर जिल्हा काडीवर नि गुटीवर (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेल्या कलमावर) पोट भरतोय म्हणून लिहायला बसलो.

आधी झेरॉक्सचं. बार्शी रोडला नान्नज आहे, तिथल्या नानासाहेब काळेंनी द्राक्षाची सोनाका जात दिली, शरद सीडलेस दिली, ती काय बी पेरून नव्हे. बागेत वेगळं दिसलेलं हेरलं, राखलं आणि त्याच्याच काड्या वाढवल्या. तास-ए-गणेशसुद्धा तशीच थॉमसन सीडलेस या जुन्या द्राक्षातून निघाली. पेशी वाढताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चूक राहते, आणि ती चूक डोळ्यातल्या (काडीवरच्या कोंबातल्या) पेशीत राहिली की त्यातून फुटणारी काडी वेगळी निघू शकते. थॉमसन तर शेकडो वर्षं काडीवरच चाललीय, मग किती चुका साठल्या असतील विचार करा. त्यात डोळ्यात पेशींचे थर असतात, बदल एकाच थरात राहिला तर वेल अर्धी नवी अर्धी जुनी, म्हणून एखादी काडी मधेच जुन्या वळणावर जाते आणि आपण नर्सरीवाल्याला शिव्या घालतो. (कधीकधी त्या त्याला लागूही असतात, तो भाग वेगळा.) कंदरच्या केळीवाल्यांना विचारा, टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या जी-नाइन केळीत मधेच बुटकं झाड निघतं ते काय असतं.

संकर निसर्गात होत नाही म्हणे! तुमच्या द्राक्षाखाली डॉगरिजचा खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात तो वेल) आहे ना, तो ज्या रानवेलीच्या जातीतला तीच मुळात निसर्गात झालेला संकर मानतात. आणि गहू बघा, खपलीसारख्या गव्हाच्या पेशीत 28 क्रोमोसोम (डीएनएचे धागे), एका रानगवताचे 14, शेतात दोघं भेटले, पहिली पिढी 21 ची, जवळपास वांझच, पण क्रोमोसोम दुप्पट झाले आणि 42 वाला गहू उभा राहिला, त्याचीच चपाती खाताय.

बरं, वांझ राहिलं तरी झाडाचं काय अडलंय? राजेळी केळ दोन रानजातींचा संकर, बी धरत नाही, तरी मुनव्यांवर, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांवर पिढ्यानपिढ्या चाललंय. खेचराला मुनवे फुटत नाहीत एवढाच फरक.

बी म्हणजे नवं हेही पक्कं नाही. कागदी लिंबाच्या बहुतेक बियांत परागाचा वाटा न घेता आईच्याच पेशीतून गर्भ धरतो, म्हणजे बी पेरून झेरॉक्स!

एक मात्र मेसेजमधलं खरं, एकाच वाणाचे प्लॉट लागले की रोगाला रान मोकळं. डाळिंबाच्या भगवा वाणावर तेल्या रोग आला तेव्हा आपण बघितलंय. पण भगवासुद्धा गणेश आणि गुल-ए-शाह रेड या डाळिंबांच्या संकरातूनच आलाय, मग गुटीवर पसरला.

तर यंदा एखाद्या काडीवर घड वेगळा दिसला तर खरड छाटणीत (काढणीनंतरच्या छाटणीत) उडवायच्या आधी तिला रिबीन बांधून ठेवा.