स्क्रू गेला खड्ड्यात

मिक्सर उलटा केला की तळाला चार रबरी पाय दिसतात, स्क्रू एकही दिसत नाही. स्क्रू असतात त्या पायांच्या पोटात, बोटभर खोल खड्ड्यात. गिऱ्हाईक फारच चिकट निघालं तर म्हणून एखादा वॉरंटीच्या स्टिकरखालीही दडवलेला असतो. रत्नागिरी-मालवणकडे त्यात आणखी भर पडते. ओट्यावर रोजचं ओल्या खोबऱ्याचं वाटण, पुसून पुसून कायम ओलसर राहिलेला कडप्पा आणि खिडकीतून येणारा खारा वारा या तिघांनी मिळून दोन पावसाळ्यांत स्क्रूचं आणि त्या खड्ड्याचं असं काही जमवून दिलेलं असतं, की त्यांना वेगळं करायला कोर्टातच जावं लागावं.

पहिला माणूस पुढे सरसावतो तो धड डिसमिस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, शोधायचं सोडून टेस्टर घेऊन. घरातला टेस्टर बिचारा एकटा सगळी कामं करतो. रेग्युलेटर उघडतो, चष्म्याची काडी आवळतो, रंगाच्या डब्याचं झाकण उचकटतो आणि सवड मिळाली तर वीज आहे का तेही बघतो. त्याचं पातं जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर रुंद. जोर लावला की पातं पिळतं, मूठ तडकते, आणि पुढच्या वेळी वर अंगठा टेकवून तोच टेस्टर फेजमध्ये घालायचा असतो. यावर मी जास्त बोलत नाही.

दुसरा उपाय चाकरमान्यांच्या बॅगेतून येतो. गणपतीला गावी येताना मुंबईच्या फुटपाथवरून घेतलेला, एका मुठीत एकतीस टोकं बसवायचा सेट. डबी देखणी, टोकं चकचकीत. पण टोकाचा षटकोनी दांडा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा, तो ज्या नळीत बसतो ती बाहेरून दहा-अकरा मिलिमीटर जाड, आणि मिक्सरचा खड्डा असतो आठ मिलिमीटरचा. नळी तोंडाशीच अडते, पंचवीस मिलिमीटरचं टोक स्क्रूच्या बरंच वर लोंबकळत राहतं, आणि उरलेली तीस टोकं डबीतून शांतपणे हे बघत बसतात. खोल जागेला डिसमिसाचा दांडा एकसंध हवा: सहा मिलिमीटर जाडीचा, दीडशे ते दोनशे मिलिमीटर लांब. सेटचाच हट्ट असेल तर दीडशे मिलिमीटरचा अखंड लांब बिट वेगळा मिळतो. त्याचा षटकोन कोपऱ्यात मोजला तर सव्वासात मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे आठच्या खड्ड्यात अंग चोरून का होईना, उतरतो.

टोकाचं माप हा त्याहून नाजूक विषय. फुलीचा कुठलाही स्क्रू दिसला की आपण त्याला ‘स्टार’ म्हणतो आणि मोकळे होतो. खरा सहा टोकांचा स्टार, म्हणजे टॉर्क्स, वेगळाच. आपली नेहमीची फुली फिलिप्सची. १९३६ साली अमेरिकेत तिला पेटंट मिळालं. तिच्या पाकळ्यांच्या कडा उतरत्या असतात, त्यामुळे पिळाचा जोर वाढला की टोक आपोआप वर सटकतं आणि जाताना खाच चाटून पुसून नेतं. पीएच म्हणजे फिलिप्सच्या टोकाचं माप: तीन मिलिमीटरपर्यंतच्या स्क्रूला पीएच १, साडेतीन ते पाचला पीएच २ आणि सहाच्या पुढे पीएच ३, हा साधारण हिशोब. पीएच २च्या खाचेत पीएच १ घातला तर तो फिरतोसुद्धा. स्क्रू तेवढा फिरत नाही.

मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांवर फुलीच्या मधोमध आणखी चार बारीक तिरप्या रेघा दिसतात. ती पोझिड्राइव्ह, तिचं टोक निराळं. जपानी घराण्यातल्या मोटरसायकली आणि होड्यांची आउटबोर्ड इंजिनं यांच्या स्क्रूवर कधीकधी फुलीशेजारी एक छोटा ठिपका असतो. ती जेआयएस, म्हणजे जपानी मानकाची फुली. तिच्यात आपलं फिलिप्सचं टोक तळापर्यंत बसत नाही, वरच्यावर टेकून राहतं. कार्ब्युरेटरच्या वाटीचे स्क्रू आधीच मऊ. गॅरेजवाल्याने ते ‘गेले’ म्हटलं की निम्म्या वेळा त्यामागे हा ठिपका असतो.

दुकानात जाताना खिशात आपला एक स्क्रू न्यावा. डिसमिसाच्या टोकावर तो बसवून डिसमिस आडवा धरावा. चुंबक नसतानाही स्क्रू लटकून राहिला आणि हलवल्यावर खुळखुळला नाही, तर टोक नीट घडलेलं आहे. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, घालू दे. दांड्यावर क्रोम व्हॅनेडियम किंवा एस-२ असं पोलादाचं नाव लिहिलेलं असावं, मूठ हातभर घामातही न निसटणारी आणि जाड असावी, कारण पीळ मुठीच्या घेरातून येतो. विजेच्या कामाचा डिसमिस निराळाच घ्यावा, दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट छापलेला. नुसती प्लॅस्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे. मेन स्विच मात्र डिसमिस कुठलाही असला तरी बंदच करायचा.

आता खरी लढाई विहिरीवरच्या पंपाची. त्याच्या टर्मिनल बॉक्सचे स्क्रू बरोबर भिंतीच्या बाजूला येतात, हा निसर्गनियम आहे. तिथे लांब डिसमिस जातच नाही. पंचवीस ते चाळीस मिलिमीटर पात्याचा ठेंगणा लागतो, नाहीतर झेड आकाराचा काटकोनी. लवचीक दांड्याचाही एक प्रकार मिळतो. दुकानात तो सापासारखा वळवून दाखवतात. गंजलेल्या स्क्रूवर मात्र सगळा पीळ दांडा स्वतःच पिऊन टाकतो आणि स्क्रूपर्यंत फक्त सदिच्छा पोचतात. हलका, आधीच सैल झालेला स्क्रू गोळा करायला ठीक आहे.

गंजलेल्या स्क्रूला हात लावण्याआधी खाच साफ करायची. चिखल, रंग, गंज, कुंभारणीचं घर, सगळं दाभणाने खरवडून काढायचं. टोक तळाला टेकलंच नाही तर पुढचं सगळं फुकट. मग गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब इंजेक्शनच्या सुईने डोक्याच्या कडेला सोडून रात्रभर थांबायचं. (प्लॅस्टिकच्या बॉडीवर ही तेलं सांडू नयेत, काही प्लॅस्टिक तडकतात.) इथे घरातून हमखास खोबरेल पुढे येतं. खोबरेल केसांना उत्तम, माशांना त्याहून उत्तम. स्क्रूवर ते काही महिन्यांत चिकट होऊन बसतं आणि थंडीच्या पहाटे चोवीस-पंचवीस अंशांखाली पारा गेला की गोठतं. शिलाई मशीनचं तेल परवडलं.

सकाळी डिसमिस खाचेत टेकवून त्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन हलके ठोके. बिडाच्या बॉडीला चालतात, ॲल्युमिनियमच्या पातळ ओतीवाला मात्र तडा जातो. मग स्क्रू आधी किंचित आवळायचा आणि नंतर सोडवायचा. गंजाची पकड आवळतानाही मोडते. हातात दहा आण्यांचा जोर असेल तर सात आणे दाबायला आणि तीन आणे पिळायला. बहुतेक जण उलट करतात आणि मग ‘आटे गेले’ म्हणतात. आटे शाबूत असतात हो, खाच गेलेली असते. तरीही हलला नाही तर तापलेला सोल्डरिंग आयर्न अर्धा-एक मिनिट डोक्यावर टेकवावा, स्क्रू धातूत असेल तरच. खाच चाटली गेली असेल तर गॅरेजमधली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चिमूटभर लावावी, टोकाला धर मिळतो. खाच आणि टोकाच्या मध्ये रबर बँड धरायचा उपाय मोबाइलवर फार छान दिसतो.

बदलताना शहाणा माणूस स्टेनलेस स्क्रू आणतो, समुद्रालगत तर ३१६ ग्रेडचा. इथे दोन गंमती होतात. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस घातला की खारट ओल लागून ॲल्युमिनियमच खायला सुरुवात होते, पांढरी भुकटी निघते. म्हणून आट्यांना ग्रीस हवंच. दुसरी गंमत म्हणजे ३०४ किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ धरतच नाही, पितळेला तर मुळीच नाही. म्हणजे चुंबकी टोकाचा डिसमिस गंजणाऱ्या स्क्रूला प्रेमाने उचलतो आणि न गंजणाऱ्याला पंपामागच्या फटीत सोडून देतो. टोकाला ग्रीसचा किंवा मेणाचा ठिपका लावला की हा प्रश्न मिटतो. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवायचा. ‘टक्’ झालं की जुने आटे सापडले, मग सुलटा. आणि टेबल फॅनच्या पात्याचं पुढचं बोंड उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. ते जितक्या घरात जोर लावून तोडलं गेलंय तितक्या घरात पंखा एरवी उत्तम चालतो.

डिसमिसाची देखभाल म्हणाल तर घाम पुसून मशीनच्या तेलाचा हात फिरवावा आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. ब्लीचिंग पावडर आणि मिठाची बरणी असलेल्या कपाटात तर मुळीच नको. चुंबकी टोकाला चिकटलेला लोखंडी कीस चिकटपट्टीने निघतो. चपटं पातं झिजलं तर कानशीने सरळ करता येतं. ग्राइंडरवर धरलं तर पाण्यात बुडवत बुडवत, कारण टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. फुलीचं टोक गोल झालं की घासत बसू नये, ते शेजाऱ्यांसाठी ठेवावं.

कारण शेजारी येणारच. ‘‘काकानू, डिसमिस आसा काय?’’ अशी हाक आली की तोच द्यावा. संध्याकाळी परत येतो तेव्हा त्याला शहाळ्याचा वास असतो, टोकाला काथ्या अडकलेला असतो, आणि परत देणारा वर सांगून जातो, ‘‘तुमचो डिसमिस काय खरो नाय हां.’’