शेवटच्या महिन्यातली बी.एस्सी.

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच: बी.एस्सी.ला वर्षभर अभ्यास लागत नाही, शेवटच्या महिन्यात गाईड वाचलं की झालं; प्रॅक्टिकलचे मार्क मिळतातच; मराठी माध्यमवाल्यांनी नादच करू नये; सोलापुरात विज्ञानाला काम नाही, करायचीच तर पुण्याला करा; आणि एवढं करून पुढे बी.एड.शिवाय वाट नाही. यातला पहिला दावा अर्धा खरा आहे, म्हणून त्याच्या आडून बाकीचे खपून जातात.

गाईड वाचून पास होता येतं. व्याख्या, आकृत्या, 'टिपा लिहा' हे सगळं पाठांतरावर निघतं. पण शेवटच्या महिन्याचा सल्ला वार्षिक परीक्षेच्या काळातला आहे. आता वर्षाची दोन सत्रं, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सत्र चालू असतानाच पडत जातात. शेवटच्या महिन्यात जागं झालेल्याचे ते आधीच गेलेले असतात. दुसरं असं की विज्ञानाचा पेपर मागच्या सत्राच्या खांद्यावर उभा असतो. रसायनशास्त्रातलं पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचं, म्हणजे जिचा वेग उरलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असतो तिचं, सूत्र घ्या. त्यातला २.३०३ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तो नैसर्गिक लॉगचं दहाच्या लॉगमध्ये रूपांतर करण्यासाठी आलेला आहे, हे गाईड एका ओळीत उरकतं किंवा सोडूनच देतं. मग पोरगं २.३०३ही लिहितं आणि कॅल्क्युलेटरवर नैसर्गिक लॉगचं 'एलएन' बटणही दाबतं. अर्धा पदार्थ १०० मिनिटांत संपत असेल तर वेगाचा स्थिरांक मिनिटाला ०.००६९३ यायला हवा, याचा येतो ०.०१५९६. पायऱ्या सगळ्या बरोबर, उत्तर चूक, आणि कुठे चुकलं हे त्याला शोधताही येत नाही.

आता प्रॅक्टिकलचे मार्क. सगळ्यात जास्त नुकसान हाच दावा करतो. प्रॅक्टिकलचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रात ३० तास, थिअरीच्या एका श्रेयांकाला १५. अभ्यासक्रमानेच प्रयोगशाळेला दुप्पट वेळ दिलेला आहे. जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, दुसऱ्याचं उतरवून सर्टिफाय करून घेणारेही असतात. पण परीक्षेत ब्यूरेट, म्हणजे द्रावण थेंब थेंब सोडायची खुणांची नळी, स्वतःच्या हातात असते आणि जर्नल बाहेर बॅगेत.

ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन (टायट्रेशन) बघा: शंकुपात्रातल्या ऑक्झॅलिक आम्लात ब्यूरेटमधलं परमँगनेट रंग टिकेपर्यंत सोडायचं. २५० मिली ०.१ नॉर्मल द्रावणासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे १.५७५ ग्रॅम स्फटिक लागतात. वजन नेमकं १.५७५ यायलाच हवं असं नाही. आलेलं वजन लिहून ठेवावं आणि नॉर्मॅलिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, त्यावरून काढावी. चिमटीने कण काढत-घालत बसण्यात अर्धा तास जातो. ब्यूरेट आणि पिपेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने धुवायची, शंकुपात्र मात्र फक्त पाण्याने. पात्र ऑक्झॅलिकने धुतलं तर आम्ल जास्त जातं आणि रीडिंग वर सरकतं. पाण्याचे चार थेंब राहिले तर काहीच बिघडत नाही. सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून द्रावण ६०-७० अंशांपर्यंत तापवायचं. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं. आम्ल कमी पडलं तर तपकिरी गढूळपणा येतो. ते मँगनीज डायऑक्साइड, तो प्रयोग ओतून द्यावा आणि नव्याने सुरुवात करावी.

खरी फसगत पहिल्या थेंबाला होते. त्याचा गुलाबी रंग लवकर जात नाही, कारण या अभिक्रियेला वेग देणारे मँगनीजचे आयन अभिक्रियेतूनच तयार व्हावे लागतात. घाईतला विद्यार्थी तिथेच अंतिम बिंदू समजून ०.३ मिली लिहून मोकळा होतो. थोडं थांबून पात्र हलवलं तर रंग जातो आणि पुढचे थेंब भराभर विरतात. द्रावण गडद असल्याने ब्यूरेटमध्ये पातळीची खालची कड दिसत नाही; वरची वाचावी, सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वरचीच. हे हाताला बसायला दोन-तीन प्रॅक्टिकलं लागतात. आदल्या रात्री वाचून ते बसत नाही.

भौतिकशास्त्रातही तेच. एक मीटरच्या लंबकाचा एक दोल साधारण दोन सेकंदांचा. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदांची चूक झाली तर काळात १० टक्के, आणि सूत्रात काळाचा वर्ग असल्याने गुरुत्व त्वरणात सुमारे २० टक्के चूक. वीस दोल मोजले की तीच चूक ४० सेकंदांत पसरते, उत्तरात जेमतेम १ टक्का उरते. 'वीस दोल का?' हा तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न. 'जर्नलमध्ये तसं आहे' हे उत्तर परीक्षकांनी पुष्कळदा ऐकलेलं असतं.

मराठी माध्यमाचा मुद्दा लवकर संपतो. अडचण खरी आहे, पण ती पहिल्या सत्राची. प्रत्येक धड्यातले पंधरा-वीस शब्द आधी मराठीत समजून घ्यावेत, मग त्यांचं इंग्रजी वाक्य स्वतः रचून लिहावं. पाठ केलेला परिच्छेद मधला एक शब्द विसरला की पुढे सरकत नाही, स्वतः रचलेलं मोडकं वाक्य सरकतं. आणि सूत्र, आलेख, आकृती यांना माध्यम नसतं.

'सोलापुरात विज्ञानाला काम नाही' हे वाक्य टॉवेल-चादरींच्या गावात फिरतं, याची गंमत वाटते. पाण्याचा कठीणपणा मोजण्याचा प्रयोग बी.एस्सी.त असतो: ५० मिली पाणी, पीएच १० ठेवणारं अमोनियाचं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवणारं ०.०१ मोलर ईडीटीए. रंग वाइनसारखा लाल असतो तो निळा होतो. मधे जांभळट छटा येते, तिथे थांबायचं नाही. लालीचा अंश पूर्ण जाईपर्यंत थेंब थेंब टाकायचं. जितके मिली लागले त्याला २० ने गुणलं की लिटरला मिलिग्रॅममध्ये कठीणपणा. १२ मिली लागले तर २४०. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा २०० आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. घरच्या बोअरचं पाणी बाटलीत नेऊन हे करून बघावं. रंगाईत हाच आकडा पैशाचा असतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी आणि काही रंगांशी साका (न विरघळणारा गाळ) धरतात, कापडावर डाग पडतात, म्हणून पाणी आधी मृदू करून घ्यावं लागतं.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात पोलरिमीटरचा, म्हणजे द्रावण प्रकाशाचं प्रतल किती फिरवतं ते मोजण्याचा, प्रयोग निव्वळ मार्कांसाठी करणं तर आणखी नवल. आम्लात उसाच्या साखरेचं विघटन होऊन प्रकाश फिरवण्याची दिशा उलटते, हे वर्गात अभिक्रियेच्या वेगाचं गतिशास्त्र म्हणून शिकवतात. कारखान्यात तोच साखरेचा तोटा असतो, आणि रसात चुना घालण्यामागे आम्लता मारणं हेही एक कारण आहे. सोलापूरचं विद्यापीठ शहराजवळच्या केगावला आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावलाच. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पेपरातलाच विषय. पुण्याला जाण्यात वाईट काही नाही, पण पदवीची तीन वर्षं खोलीभाडं भरून तिथे शिकायचं ते हेच अनुमापन. पैसे मोजकेच असतील तर ते एम.एस्सी.साठी राखावेत.

राहिला बी.एड.चा मुद्दा. शिक्षक होणं कमी प्रतीचं, हे मजकुराने गृहीतच धरलंय, ते सोडून देऊ. पण एकच वाट आहे हे चूक. आयआयटींमधल्या एम.एस्सी.साठी जॅम नावाची परीक्षा असते: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यातल्या ३० प्रश्नांत एक पर्याय बरोबर असतो आणि चुकलं तर गुण कापतात. १० प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे ओळखले तरच गुण. उरलेल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून भरायचा, इथे २.३०३ आणि 'एलएन' दोन्ही वापरणारा उघडा पडतो. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे फॉर्म तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच भरावा लागतो, आणि तोवर तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम निम्माच झालेला असतो. तयारी बरीचशी आधीच्या दोन वर्षांच्या वह्यांवर करावी लागते, तेव्हा उन्हाळ्यात त्या रद्दीत घालू नयेत.