सव्वीसच तर आहेत!

‘सगळी मिळून २६च तर कार्डं आहेत’ असं ज्याला वाटलं, त्याच्या गळ्यात हे लोढणं पडलंच म्हणून समजा. १९८२ साली अमेरिकेतल्या डॉनरस कंपनीने आपल्या बेसबॉल कार्डांच्या संचातले पहिले २६ नंबर ‘डायमंड किंग्ज’साठी राखले. तेव्हाच्या २६ संघांतला प्रत्येकी एक खेळाडू, डिक पेरेझ यांनी रंगवलेला. बाकी संचात फोटो, इथे चित्रं. पण हा सबसेट, म्हणजे नंबर मूळ संचातलेच. त्यामुळे ही कार्डं दुर्मीळ वगैरे मुळीच नाहीत. दुखणं नेमकं तिथेच आहे. कार्ड काही सेंटांचं आणि टपालखर्च त्याच्या कित्येक पट. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! म्हणून आम्ही शहाणी माणसं एकाच विक्रेत्याकडून पाच-सहा एकदम उचलतो. त्यातली तीन घरात आधीच असतात, ते सोडा.

१ नंबर पीट रोझ. जुने गठ्ठे नंबरवार लावून रबरबँडने आवळलेले असतात, आणि सगळ्यात वर रोझसाहेब. त्यामुळे कडांना खाचा त्यांनाच. गठ्ठा घेताना वरचं कार्ड आधी बघावं, तेही उजेडात तिरपं धरून.

५ नंबर ॲलन ट्रॅमेल. छपाईत आडनावातला एक ‘एल’ गळाला, मग दुरुस्त झाला. म्हणजे दोन कार्डं आली. हे निदान एकट्याचं झालं. १९८४ला कार्डामागच्या ‘पेरेझ-स्टील गॅलरीज’ या नावातला शेवटचा ‘ई’ उडाला आणि पुढे सुधारला, तोही सव्वीसच्या सव्वीस कार्डांवर. झाले की नाही ५२? आणि विक्रेते फोटो टाकणार फक्त पुढच्या बाजूचा. एवढ्याशा किमतीच्या कार्डासाठी ‘जरा मागची बाजू दाखवता का?’ असं विचारायला जाड कातडी लागते.

यात कोर्टाचीही भर आहे. १९८१च्या निकालाने च्युइंगगमसोबत कार्डं विकायचा हक्क टॉप्स या प्रतिस्पर्धी कंपनीकडेच राहिला. मग फ्लीअर या तिसऱ्या कंपनीने पाकिटात गमऐवजी स्टिकर घातले आणि डॉनरसने बेसबॉलचा दिग्गज बेब रूथच्या चित्राचे, जोडून पूर्ण करायचे तुकडे. एकूण ६३ तुकडे, कार्डावर ३, म्हणजे २१ कार्डं, पाकिटात एक. सगळी सारख्या प्रमाणात निघतात असं धरलं, तरी हिशेबाने सरासरी ७६-७७ पाकिटं फोडावी लागतात. त्यातली २१ निव्वळ शेवटच्या कार्डापायी. तुकडे सुटे केले तर किंमत जाते, न केले तर चित्र जुळत नाही.

१९९२पासून डायमंड किंग्ज इन्सर्ट, म्हणजे मूळ संचाबाहेरची जादा कार्डं झाली. नंबर वेगळे, वर सोनेरी फॉइल, आणि पाकिटात निघालं तर निघालं. निदान सरळ लॉटरी तरी!

राहता राहिलं लावणं. पीव्हीसी नसलेली, नऊ खणांची पानं घ्या. दोन पानांत १८, तिसऱ्यावर ८, आणि एक खण रिकामा. तो डोळ्यात खुपतो. त्याच्यासाठी १९८२च्या संचात डायमंड किंग्जची बिननंबरी चेकलिस्ट, म्हणजे मिळालेल्या कार्डांवर खूण करायच्या यादीचं कार्ड आहे. पण तिच्यावर मूळ मालकाने पेनने खुणा केलेल्या असतात, कारण ती असतेच त्यासाठी. कोरी हवी असेल, तर आधी असा आळशी संग्राहक गाठावा लागतो, ज्याने कधी हिशेबच ठेवला नाही.