सत्पात्री दानाचा ताप

दरमहा थोडी रक्कम चांगल्या कामाला द्यायची, एवढंच ठरलं होतं. कुणाला द्यायची हे बघायला बसलो आणि माझ्यातला परीक्षक जागा झाला. एकदाच द्यायचं असतं तर सोपं होतं. कुणीतरी पावतीपुस्तक पुढे करतं, आपण भिडेपोटी पाकीट काढतो, विषय संपतो. दरमहा म्हणजे जन्माची गाठ. चौकशी नको करायला?

चौकशीत पहिली आडवी आली ती मच्छरदाणी. कुठल्या संस्थेला दिलेला पैसा जास्तीत जास्त उपयोगी पडतो हे तपासणाऱ्या 'गिव्हवेल'च्या यादीत मच्छरदाण्या वर्षानुवर्षं मानाने बसल्या आहेत. त्यांनी मुलांचे जीव वाचतात, याबद्दल वाद नाही. पण न झालेल्या मलेरियाचा फोटो कसा काढणार? याउलट आफ्रिकेतली 'प्लेपंप' योजना बघा. मुलं चक्रावर बसून गोल गोल फिरणार आणि त्या फिरण्याने पाणी वर चढणार. काय फोटो येतात! देणगीदार विरघळलेच. २००९ साली 'द गार्डियन'ने हिशोब मांडला, तेव्हा ठरलेलं पाणी मिळायला मुलांना रोज २७ तास खेळावं लागेल असं निघालं. शाळा, झोप वगैरे त्यातूनच वेळ काढून.

त्यामुळे मी फोटो सोडून ताळेबंदाकडे वळलो. वार्षिक अहवाल मी शेवटच्या पानापासून वाचतो. एका संस्थेने गाडीच्या टायरांवर बऱ्यापैकी खर्च केलेला दिसला. मी पेन्सिलने रेघ मारली. लस गावापर्यंत चालत जात नाही, हे मला कळतं. तरी माझ्या पैशातून टायर? माझ्या पैशातून लसच यावी, टायरचं दुसऱ्या कुणीतरी बघावं. आता प्रत्येक देणगीदार असाच थोर असल्यामुळे टायरला वाली उरत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत देणगीदारांसाठी संस्थांचे हिशोब तपासून मांडणाऱ्या 'गाइडस्टार', 'चॅरिटी नेव्हिगेटर' आणि आणखी एका अशाच संस्थेच्या प्रमुखांनी देणगीदारांना जाहीर पत्रच लिहिलं, की बाबांनो, नुसत्या वरखर्चाच्या टक्क्यांवरून संस्थेची लायकी ठरवू नका. ज्यांनी आम्हाला टक्के मोजायला शिकवलं, तेच हे सांगणार!

बायकोने दरम्यान तीन पायांच्या एका कुत्र्याचे डोळे बघून प्राण्यांच्या निवाऱ्याला दरमहा पैसे सुरूसुद्धा केले होते. ताळेबंद? "कुत्रा बघितला ना," ती म्हणाली.

मी तिला पक्ष्यांचा प्रयोग ऐकवला. तेलाच्या तळ्यात पडून मरणारे पक्षी वाचवायला जाळी टाकायची, तर तुम्ही किती द्याल, असं लोकांना विचारलं होतं. २,००० पक्षी वाचणार असतील तर सरासरी ८० डॉलर, २०,००० साठी ७८ आणि दोन लाखांसाठी ८८.

"म्हणजे भावनेला आकडा कळत नाही," मी समारोप केला.

"आणि आकडे कळणाऱ्याने आतापर्यंत किती दिले?"

त्याच संध्याकाळी मी अर्ज भरायला घेतला. एक मच्छरदाणीवाली संस्था, एक लसवाली. दरमहाच्या पैशांचा मोठा फायदा असा, की पुढच्या महिन्याचे पगार होणार का याची संस्थेला धाकधूक राहत नाही. तेव्हा अटी घालायच्या नाहीत असं मी ठरवलं. रक्कम कशासाठी, या रकान्यात मोठ्या मनाने लिहिलं, 'संस्थेला योग्य वाटेल त्या कामासाठी'. मग जरा थांबलो, आणि कंसात बारीक अक्षरात लिहिलं, 'शक्यतो टायर सोडून'.