सामान देखी लेवानं

"मामा, दोन मिनिटांचं काम आहे," असं भाचा म्हणाला, तेव्हाच मी उठून केळीच्या बागेत लपायला हवं होतं.

एप्रिल महिना, चोपड्याजवळचं आमचं घर. कूलर भिंतीशी भांडल्यासारखा खडखडत होता. भाच्याचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. केळीच्या पानाचा फोटो दिला की पानावर करपा आहे की नाही हे प्रोग्रॅमनं सांगायचं. कोड मित्राचा, पेन ड्राइव्ह चुलतभावाचा, सबमिशन सोमवारी. भाच्याच्या लॅपटॉपला धाप लागते म्हणून माझा घेतला. मी पुण्यात या धंद्यात असल्यामुळे विंडोजच्या पोटात उबंटू २४.०४ ही दुसरी सिस्टिम बसवून घेतलेली. तिचा मला अभिमानही होता. म्हणजे त्या संध्याकाळपर्यंत होता.

प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं, मॉड्यूल नॉट फाउंड, नो मॉड्यूल नेम्ड 'सीव्हीटू', म्हणजे कोडला लागणारा या नावाचा तयार तुकडा घरात नाही. नाही ना, मग आणू. कोड पायथन या भाषेत, आणि तिचं सामान आणणारा गडी म्हणजे पिप. त्याला इन्स्टॉल सांगितलं तर पायथननं दारातच अडवलं. हे एन्व्हायरन्मेंट एक्स्टर्नली मॅनेज्ड आहे म्हणे, म्हणजे घर तुझं असलं तरी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, वेगळी चूल मांड. शिवाय अगदीच हट्ट असेल तर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं लिहून पुढे जा, अशी सोयही सांगून ठेवलेली. सासुरवाशिणीला अशी परवानगी देणारी सासू मी जवळून पाहिलेली आहे.

वेगळी चूल म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट. ते मांडायला गेलो, तर मांडण्याचं पॅकेजच उबंटूत नाही. ते आणलं.

आता तरी सीव्हीटू? पिप म्हणे, या नावाचं कोणी राहत नाही. हे आमच्या गावासारखं झालं. पोस्टमन पाकिटावरचं नाव घेऊन गल्लीभर फिरतो आणि कोणीच ओळखत नाही, कारण अख्खी गल्ली त्या माणसाला 'बुवा' म्हणते. कोडमध्ये हाक मारायची सीव्हीटू म्हणून आणि दुकानात मागायचं ओपनसीव्ही-पायथन, फोटो वाचणारी लायब्ररी ती हीच. पीआयएल हवं असेल तर पिलो मागा, एसकेलर्न हवं असेल तर सायकिट-लर्न. हे पाळण्यातलं आणि शाळेतलं नाव वेगळं ठेवायची खोड संगणकवाल्यांना कुठून लागली असेल?

साठेक एमबीची फाइल मोबाइलच्या रेंजवर उतरेपर्यंत माय गच्चीवरून खाली आली. पहाटे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते, त्यासाठी जागा झाडून आली होती.

"काय करी ऱ्हायना रे?"

"सामान कमी पडतंय, माय. एक आणलं की ते दुसरं मागतं."

"चूल पेटाडाना पहिले सामान देखी लेवानं ना!" असं म्हणून ती ज्वारीच्या पिठाचा डबा बघायला गेली. तिचं बरोबरच होतं. या सामानाची यादी 'रिक्वायरमेंट्स' नावाच्या फाइलीत लिहितात. मित्रानं दिलेल्या त्या फाइलीत एकच ओळ होती, 'नमपाय', म्हणजे आकडेमोडीची लायब्ररी. लग्नाच्या यादीत फक्त 'मीठ' लिहावं, तसं.

ओपनसीव्ही आलं. चालवलं. आता नवीन तक्रार, लिबजीएल डॉट एसओ डॉट वन ही फाइल सापडत नाही. ही पायथनची वस्तूच नव्हे, ही उबंटूनं द्यायची. भाच्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं, "मामा, ओपनसीव्हीचाच हेडलेस प्रकार टाका, त्याला ती लागत नाही." पुन्हा पन्नासेक एमबी. खरंच लागली नाही! दोघांनी टाळी दिली. पण पानाचा फोटो दाखवायची वेळ आली आणि प्रोग्रॅम आडवा झाला. हेडलेसला खिडकीच उघडता येत नाही. नावातच मुंडकं नाही म्हटलंय, आम्हाला वाटलं बोलायची पद्धत असेल.

ते काढून परत आधीचं. लिबजीएल आणायला जुनं 'मेसा' नावाचं पॅकेज सगळे सांगतात, ते २४.०४ मध्ये मिळतच नाही. शेवटी नुसतं 'लिबजीएल१' लिहिलं आणि चार सेकंदांत काम झालं. रात्रीचा दीड.

या वेळी लायब्ररीची तक्रार नव्हती. तक्रार होती 'ननटाइप'ची, म्हणजे हातात काहीच आलं नाही याची. ओपनसीव्हीला फोटो सापडला नाही तर ते थांबत नाही, रुसल्यासारखं काहीतरी पुटपुटतं, रिकामे हात हलवतं आणि पुढच्या ओळीला मरायला पाठवतं. फोटोचा पत्ता निघाला मित्राच्या लॅपटॉपमधल्या डी ड्राइव्हचा.

चोपडा तालुक्यात, चहूबाजूंनी केळी असताना, आमच्याकडे केळीचं पान नव्हतं!

बॅटरी घेऊन बागेत गेलो. शेतीची लाइट रात्रीची असल्यामुळे दादा व्हॉल्व्ह फिरवत तिथेच उभा होता. रात्री दोन वाजता दोन सुशिक्षित माणसं पानाचे फोटो काढताना बघून तो काही बोलला नाही, फक्त जास्त पिवळं पान कुठे आहे ते बोटानं दाखवलं. घरी येऊन चालवलं. खिडकी उघडली, पान दिसलं, त्यावर लाल चौकोन आला. भाच्यानं मला उचलायचा प्रयत्न केला.

अंथरुणाला पाठ टेकते न टेकते तोच पाच वाजले. चुलीवर बिबड्यांचा घाटा रटरटत होता आणि माय डब्यांची झाकणं एकामागून एक उघडत होती.

"जिरं सरनं," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "शेजारतून लई ये."

मी वाटी घेऊन निघालो. मागून आवाज आला, "आन तीळबी!"